अख्ख्या गल्लीचा एकच नंबर

बँकेच्या शिबिरातल्या साहेबांनी तुला फसवलं, द्वारका. तू कुणालाही फसवलं नाहीस. ही दोन वाक्यं मी सगळ्यात आधी लिहून टाकते. बाजारात उभं राहून मला सवयच लागलीय, गिऱ्हाइकानं पाठ फिरवायच्या आत मुद्द्याचं बोलून घ्यायचं.

परवा तुझा तेरावा झाला. आपल्याकडे आता माइकशिवाय तेरावा होत नाही, तसा तुझाही झाला नाही. कीर्तन आटोपल्यावर एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. सरपंच बोलले, बचत गटाच्या मॅडम बोलल्या, तुझ्या माहेरचे काका तर बोलता बोलता रडले. मनमिळाऊ होती म्हणाले, कष्टाळू होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते आणि एका शब्दाची वाट बघत होते. प्रामाणिक. तेवढा एक शब्द कुणी काढला नाही. त्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. तो शब्द काढला की बँकेची गोष्ट निघाली असती, आणि मयताच्या जेवणावर ती नको, हे सगळ्यांनी न बोलताच ठरवलेलं होतं. शेवटी मी माइककडे निघणारच होते, तेवढ्यात तुझ्या मालकांनी हात जोडले. "कांताताई, आज नको." म्हणून त्या दिवशी गप्प बसले. आज लिहायला बसलेय.

तू मला पहिल्यांदा भेटलीस तेव्हाही मला रागच आला होता. लग्न होऊन मी नुकतीच तुझ्या गल्लीत आले होते आणि डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरायला लागले होते. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलचं भांडं द्यायचं, कुणाला रोखीनं पाहिजे असेल तर रोखीनं. तू दारात आलीस आणि एका पातेल्याची किंमत विचारलीस. मी चढवून सांगितली. चढवावीच लागते, कारण गिऱ्हाईक उतरवतं. तू आत गेलीस आणि मी सांगितले होते तेवढे पैसे आणून माझ्या हातावर ठेवलेस.

"अगं बाई, भाव तरी कर!"

"काहून? खोटा सांगितला का?"

"खोटा न्हाई. पण भाव करत्यात."

"मला न्हाई येत. तूच कर."

आणि मी तुझ्या उंबऱ्यावर बसून माझ्याशीच घासाघीस केली. कमी सांगितलं, परवडत नाही म्हटलं, उठून गेल्यासारखं केलं, आणि शेवटी तुला वरचे पैसे परत दिले. तुझी सासू आतून खुदुखुदु हसत होती. मला इतकं चिडायला झालं की गल्ली संपेपर्यंत मी तुला शिव्या घालत गेले. भाव न करणारं माणूस समोरच्यावर दोन्ही बाजूंचं काम टाकतं. पण पुढच्या खेपेला पहिली तुझ्याच दारात आले, हे तुला माहीत आहे.

मग तू बचत गटातून बँक सखी झालीस. पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर अंगठ्याचं मशीन आणि भिंतीवर तुझ्या अक्षरातली पाटी: 'पैसे काढायला काहीही लागत नाही.' त्या पाटीवरून आपण किती भांडलो! कुंभार पिंपळगावच्या बाजारात दुसरा एक जण असलंच मशीन घेऊन बसायचा आणि प्रत्येक बाईकडून थोडं थोडं कापून घ्यायचा. मशीन स्लो आहे म्हणायचा, नेटचा खर्चा आहे म्हणायचा. मी तुला म्हटलं, तूही घे थोडं, तुझी मेहनत आहे. तू म्हणालीस, "बँक मला देते की. मंग यांच्याकडून कशाचं घेऊ?" बँक जे देत होती ते बघून मला हसू आलं होतं. पण ऊसतोडीहून आलेल्या बायांचे झिजलेले अंगठे ओल्या फडक्यानं पुसून, पुन्हा पुन्हा काचेवर टेकवून, मशीननं एकदाचं हो म्हटलं की तुझा चेहरा असा व्हायचा की जणू तूच पास झालीस.

आता शिबिराची गोष्ट. ही मी सावकाश सांगणार आहे, कारण मी तिथं होते.

शाळेच्या मैदानात मंडप टाकला होता. बँकेचे साहेब आले होते आणि त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायांची खाती उघडायची होती. तू लॅपटॉपवर नावं भरत होतीस. गाडी अडली ती मोबाइल नंबरच्या रकान्यावर. नंबर टाकल्याशिवाय ते पुढं सरकतच नव्हतं, आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे फोन कुठून असणार? आमच्यासारख्या सुनांच्या घरात फोन होते, पण ते नवऱ्याच्या खिशात. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. साहेबांच्या कपाळावर घाम, हातात चहा, आणि कानाला फोन. ते तुझ्यामागं येऊन उभे राहिले.

"काय अडलं, ताई?"

"साहेब, यांच्याकडं नंबर न्हाई."

"मग तुमचा टाका ना. तुम्ही इथल्याच आहात. नंतर बदलून घेऊ."

"सगळ्यांना माझाच?"

"अहो टाका ताई, टाका. वरून सारखे फोन येऊन राह्यलेत. संध्याकाळच्या आत आकडा गेला पाहिजे."

मी रांगेत तुझ्यासमोर उभी होते. माझ्या दोन कानांनी ऐकलं. तू एकदा साहेबांकडे बघितलंस, एकदा रांगेकडे, आणि तुझा नंबर टाकायला लागलीस. माझी बारी आली तेव्हा तू हळूच विचारलंस, "तुझ्या मालकाचा टाकू का?" मी म्हटलं, "त्याचा टाकलास तर तुझ्याकडून भांडं परत नेईन." तू हसलीस आणि माझ्याही खात्यावर तुझाच नंबर चढला. अशी अख्खी गल्ली, निम्मं गाव, तुझ्या एका फोनात जाऊन बसलं.

त्या फोनावर मग मेसेज यायला लागले. कुणाचे निराधारचे पैसे, कुणाची गॅसची सबसिडी, कुणाची मजुरी. संध्याकाळी तू फोन घेऊन निघायचीस आणि दारोदार वाचून दाखवायचीस. गोदामावशी तुझी वाट बघत ओट्यावर बसलेली असायची.

"मावशी, आले बरं का तुमचे."

"त्याला उलट लिही गं, गोदावरी बरी हाय म्हणावं."

"कुणाला?"

"ज्यानं धाडले त्याला."

"मावशी, ते मशीन धाडतंय."

"मंग मशीनला लिही. त्याला काय कमी पडतं का बोलायला?"

बँक कधीही ओटीपी विचारत नाही, हा मेसेज आला तर तोही तू मावशीला पूर्ण वाचून दाखवायचीस. मी म्हणायचे, हा कशाला? तू म्हणायचीस, तिच्या नावानं आलाय, तिचा आहे.

आम्हा सुनांचे मेसेज तू दारात कधी वाचले नाहीस. आमच्यासाठी विरजण होतं. "कांता, तुझं विरजण लागलं गं," अशी तुझी हाक आली की समजायचं, खात्यात पैसे आले. मग वाटी घेऊन तुझ्याकडे यायचं आणि आतल्या खोलीत ऐकून जायचं. माझ्या नवऱ्यानं एकदा जेवताना विचारलं होतं, "या गल्लीत एवढं दही खातं तरी कोण?" मी त्याच्या ताटात ताक वाढलं आणि म्हटलं, "तुम्ही."

ही गंमत मी उगाच सांगत नाही. त्या विरजणावर मी उभी राहिले. माझे पैसे कधी आले, किती साठले, हे नवऱ्याच्या खिशातल्या फोननं वाजून सांगितलं असतं, तर ते साठलेच नसते. त्याला मी वाईट म्हणत नाही. पैसा दिसला की माणसाला गरजा दिसतात, एवढंच. न दिसलेल्या पैशातून मी आधी टोपल्याचा गाडा केला, मग टेम्पो घेतला. आज मंठ्याच्या बाजारात माझी जागा ठरलेली आहे, हंगामात अंकुशनगरला कारखान्यावर मी माल उतरवते, आणि जालन्याचे व्यापारी मला उधार देताना मालकाचं नाव विचारत नाहीत. लोक म्हणतात कांता स्वतःच्या हिमतीवर मोठी झाली. खरं आहे. पण ती हिमत ठेवायला कुणाच्या नजरेआडची एक जागा लागते, आणि ती तुझ्याकडे होती.

तुला मात्र त्या फोनाची भीती वाटायची. तू तो पोराच्या हातात द्यायची नाहीस, चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत जायची नाहीस. एकदा मशीन पुसता पुसता म्हणालीस, "कांता, माझ्या एका फोनात अख्खी गल्ली झोपलीय. हे बराबर न्हाई."

"तू काय पळून चाललीस का?"

"मी न्हाई. पण नियम माझ्यासाठी थोडीच करत्यात? उद्या माझ्या जागी दुसरी आली अन् तिची नियत फिरली, मंग?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा बघून काय उपयोग? मावशीला वाचता येत न्हाई."

आणि तू शाखेत गेलीस. एकदा नाही, कितीतरी वेळा. प्रत्येकीच्या खात्याला तिचा स्वतःचा नंबर लावायला पुन्हा एक शिबिर घ्या, एवढंच मागत होतीस. मी एकदा सोबत होते. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ताई, आता त्याचं टार्गेट नाही." खाती उघडायला टार्गेट होतं. ती नीट करायला नव्हतं. हे मी विसरणार नाही.

मग गेल्या वर्षी वरून नवी तपासणी आली. एका नंबरावर इतकी खाती कशी, असं कुठल्यातरी मशीननं विचारलं आणि एका सकाळी सगळी खाती अडकवून टाकली. तुझंही मशीन बंद केलं. नंतर जीप घेऊन बँकेची दोन माणसं आली आणि तुझ्या पुढच्या खोलीत बसून घराघरातल्या बाया बोलावून विचारायला लागली, तुमचे पैसे कधी गेले का? जीप गल्लीत उभी होती. जीप उभी राहिली की लोकांना पुढचं ऐकायची गरज वाटत नाही. दिवे लागायच्या आत गावात बातमी झाली, द्वारकानं खाल्ले.

कुणाचा एक रुपया गेला नव्हता. एकीनं तरी सांगावं गेला म्हणून. गोदामावशीनं तर त्या माणसांना दम दिला, "माझी पोरगी हाय ती, तुम्ही कोण?" ते हसले, चहा प्याले, आणि जाताना तुझ्या मालकांना म्हणाले की तसं काही आढळलं नाही. तोंडी म्हणाले. आळ मात्र जीपमधून आला होता, सगळ्यांच्या देखत.

मी म्हटलं, चल, शिबिराच्या साहेबाला गाठू. त्यांची बदली होऊन ते जालन्याला मोठ्या ऑफिसात गेले होते. आपण एसटीनं गेलो. तू वाटेत सारखी म्हणत होतीस, "कांता, आवाज चढवू नको." मी कबूल केलं होतं. साहेबांनी तुला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. तू अगदी शांतपणे सगळं सांगितलंस. ते ऐकत होते आणि टेबलावरचा पेन इकडून तिकडे ठेवत होते.

"ताई, तुमच्याबद्दल मला बिलकुल शंका नाही. पण नियम म्हणजे नियम. एवढ्या खात्यांना स्वतःचा नंबर तुम्ही टाकायलाच नको होता."

"साहेब, तुम्हीच म्हणालते."

"मी म्हणालो असेन. गर्दीत माणूस काहीही म्हणतो. पण लेखी आहे का काही?"

इथं माझा आवाज चढला. मी म्हटलं, "लेखी? मी रांगेत हुभी होते. माझं तोंड लेखी धरा. आकडा तुम्ही वर धाडला, शाबासकी तुम्ही घेतली, अन् आता नियम हिचा?" शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. साहेब म्हणाले, "बाई, हे ऑफिस आहे, बाजार नाही." मी म्हटलं, "बाजार असता तर बरं झालं असतं. बाजारात खराब माल दिला तर दुकान सोडून बदलीवर जाता येत न्हाई!"

तू माझा पदर ओढलास. "चल, कांता." आणि निघताना त्या माणसाला नमस्कार केलास. तो नमस्कार मला अजून खुपतो.

परतीच्या एसटीत आपलं जे भांडण झालं, ते अर्धंच राहिलं. आता तेच पुढं नेतेय. उत्तर द्यायला तू नाहीस, पण तुझी बाजूही मीच मांडते. तुझ्याबाबतीत मला त्याची सवय आहे.

मी म्हणत होते, तुझं मशीन परत मागू, बंद काळातलं कमिशन मागू, बदनामीची भरपाई मागू. जास्त मागितलं तर थोडं मिळतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मला एवढंच पायजे, की त्यांनी गावात यावं अन् लोकांसमोर सांगावं, नंबर मी टाकायला सांगितला होता. दुसरं काही नको."

"एवढंच? अगं, यात त्याला काय खर्चा आहे?"

"म्हणूनच मागून राह्यले. खर्चा नसलेलं तरी देतील."

द्वारका, तिथं तू चुकलीस. पैशाची मागणी असती तर ती कुठल्यातरी फायलीत गेली असती, तिच्यावर सही झाली असती, काहीतरी तुकडा हातात पडला असता. तू त्या माणसाची चूक त्याच्या तोंडून मागितलीस. त्याच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती जी त्याला द्यायची नव्हती.

मग मी नियमालाच शिव्या घालायला लागले. माणूस ओळखीचा असेल, विश्वासाचा असेल, तर नियम कशाला? आपल्या गल्लीचं काय अडलं होतं? तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. तुझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच चढला.

"तुला भांडता येतं म्हणून तू असं बोलतीस. ज्याला भांडता येत न्हाई त्यानं काय करावं? मावशीनं काय करावं? तिच्या वतीनं कुणीतरी आधीच भांडून ठेवलं पायजे ना? नियम म्हणजे तेच असतं."

आयुष्यभर मी समजत होते की भाव करणं म्हणजे शहाणपण आणि ठरलेला दर म्हणजे आळशांची सोय. तुझी भिंतीवरची पाटी मला त्या दिवशी कळली. तू ती भोळेपणानं लावली नव्हतीस. ज्या बाईला पिंपळगावच्या त्या माणसाशी हुज्जत घालता येत नाही, तिच्या वतीनं तू आधीच हुज्जत घालून ठेवली होतीस.

उत्तर मला आता सुचलंय, उशिरा. तुझं म्हणणं मला मान्य आहे. एका फोनात निम्मं गाव नसावं, हा नियम चांगलाच आहे. पण मला सांग, बायांनी स्वतःचा नंबर लावावा असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडे नंबर आहे का हे कधी विचारलं? तुझं मशीन गेल्यावर खाती सोडवायची म्हणून प्रत्येकीकडून घरातल्या कुणाचातरी नंबर घेतला. घरातल्या कुणाचा, तर मुलाचा, नवऱ्याचा, दिराचा. कागद बराबर झाले. आता गोदामावशीच्या पैशांची खबर आधी तिच्या लेकाला लागते आणि मावशीला लागते ती त्याला वाटलं तर. ओट्यावर ती अजून बसते. सुनांच्या खात्यात पैसे आले की नवऱ्याच्या खिशात फोन वाजतो. ज्या तुझ्या फोनाला बँकेनं धोका म्हटलं, त्याच्यातून पैसा बाहेर गेला नव्हता. आता नियमाप्रमाणे सगळं नीट आहे आणि पैसा घराच्या घरातच जातोय. त्यासाठी कुणी जीप घेऊन येत नाही.

आणि पैसे काढायला बाया पुन्हा पिंपळगावच्या बाजारात जातात, कापून देणाऱ्याकडे.

म्हणून माझं म्हणणं असं. नियम म्हणजे दुबळ्याच्या वतीनं आधीच केलेलं भांडण, हे तुझं खरं धरलं, तर ते भांडण दोन्ही बाजूंना लागू पाहिजे. खाली बसलेल्या बाईनं मोडला तर तिचं मशीन बंद, आणि वर बसलेल्यानं मोडायला सांगितला तर त्याची बदली जालन्याला? याला मी नियम म्हणत नाही. यावर तू काय म्हणाली असतीस, ते मला ठरवता येत नाहीये. तुझी बाजू मांडता मांडता मी इथं अडते.

एक गोष्ट मी न्यायानं लिहिते. बँकेच्या लोकांनी तुला मारलं, असं मी म्हणणार नाही. ताप होता, तो डोक्यात गेला, जालन्याच्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. आपल्या बाजूनं खोटा मुद्दा घातला की खरा मुद्दाही हलका होतो, म्हणून तो घालत नाही. पण दवाखान्यात तू शुद्धीवर होतीस तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, तुम्ही काय करता? आणि तू म्हणालीस, "काही न्हाई, घरीच असते." मी पायाशी बसले होते. तुझ्या तोंडून बँक सखी हा शब्द निघाला नाही. तो तुला आता स्वतःचा वाटत नव्हता. एवढं मात्र बँकेनं घेतलं, आणि त्याचं माप माझ्याकडे नाही.

तुला मी कधी धन्यवाद दिले नाहीत. काही घेतलं की त्याचा भाव देऊन मोकळं व्हायचं, हेच मला येतं. तू जे दिलंस त्याला मी भाव लावायला गेले की तू माझ्याकडे अशी बघायचीस की मी पैसे पुन्हा कमरेला खोचायचे. एकदा तुला जड बुडाची कढई आणून दिली होती, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात भाजी घालून परत पाठवलीस. मला राग आला. मी भाजी खाल्ली आणि कढई पुन्हा तुझ्या चुलीजवळ ठेवून आले. आपल्या दोघींत देणंघेणं कधी पूर्ण झालंच नाही. आणि ते पूर्ण झालं नाही म्हणूनच मी रोज तुझ्या दारात येत राहिले, हे आज समजतंय.

आता तेराव्याचं शेवटचं. मांडवात मागच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. शिबिराचे साहेब. कुणी निरोप दिला माहीत नाही. वाईट वाटलं म्हणून आले असतील, तेवढं मी त्यांना देते. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं आणि जरा सरकून बसले.

"फार वाईट झालं, बाई. एवढ्या प्रामाणिक होत्या."

बघ, द्वारका. अख्ख्या मांडवात तो शब्द एकाच माणसाच्या तोंडात होता, आणि तो त्यानं माझ्या कानात ठेवला.

मी म्हटलं, "साहेब, तो बघा माइक. एवढंच तिथं जाऊन म्हणा."

"नाही हो. अधिकृतपणे मला असं बोलता येणार नाही."

"त्या दिवशी नंबर टाका म्हणालते, ते अधिकृत होतं का?"

त्यांनी घड्याळ बघितलं. तुझ्या मालकांनी माझ्याकडे बघून हात जोडले ते याच वेळी. साहेब जेवण न करता गेले.

तुझ्याशी बोलून झालं, द्वारका. आता उरलेलं मी त्यांच्याशी बोलते.

साहेब, हा लेख तुमच्यापर्यंत पोचेल, कारण तो मी स्वतः तुमच्या टेबलावर आणून ठेवणार आहे, आणि या खेपेला पदर ओढायला सोबत कुणी नसेल. मला पैसे नकोत, मशीन नको, भरपाई नको. एका बाईनं तुमच्याकडे एक वाक्य मागितलं होतं, ते न घेता ती गेली. तिच्या मालकांना गावात मान वर करून फिरायचंय, तिच्या मुलाला कुणी विचारलं तर सांगायचंय की माझी आई बँक सखी होती. लेखी नाही, असं तुम्ही म्हणाला होता. आता आहे. शिबिरात होते त्या प्रत्येक बाईच्या वतीनं मी लिहून देतेय आणि खाली माझं नाव घालतेय. त्याच शाळेच्या मैदानात या. माइक मी लावते. आणि गावासमोर, मोठ्यानं, उत्तर द्या: त्या सगळ्या खात्यांवर द्वारकाचा नंबर टाकायला कुणी सांगितलं होतं?

कांता भांडेवाली